देवदाराचा भुसा आणि एक राहिलेली दुरुस्ती

डॉ. कुमुदिनी अंभोरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टुलावर उभ्या राहून प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ मागे करत होत्या. संध्याकाळचा चहा लवकर मिळावा म्हणून कुणीतरी ते दहा मिनिटं पुढे नेऊन ठेवलं होतं. मी कऱ्हाडहून दिल्ली आणि दिल्लीहून बसने चंदीगडला आलो होतो. सेक्टर सतराच्या बसस्थानकावर उतरून, तिथल्याच नळावर तोंड धुऊन, पत्र्याच्या ट्रंकेसह थेट मुलाखतीला हजर झालो होतो. बाई स्टुलावरून उतरल्या, ट्रंकेकडे बघून म्हणाल्या, "निवड झाली असं धरूनच आलात वाटतं?"

पीएच.डी.च्या जागेसाठी आलेल्या माणसाला यकृत, जनुकं, विकरं यांबद्दल विचारतील म्हणून मी रात्रभर बसमध्ये घोकंपट्टी केली होती. बाईंनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. एका कुपीत साधं मीठ दिलं, तराजू दाखवला आणि म्हणाल्या, "हे दहा वेळा तोला आणि दहाही वजनं लिहून आणा." मी पहिलं वजन नीट घेतलं. दुसरं शेवटच्या आकड्यात किंचित वेगळं आलं, तेव्हा मला वाटलं आपलाच हात हलला. मग मी शहाणपणा केला आणि दहाच्या दहा वजनं एकसारखी लिहून कागद पुढे केला. बाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा पाहिला. "इतका आज्ञाधारक तराजू आमच्याकडे नाही हो. कऱ्हाडहून येताना आणलात का?"

मी खल्लास. तरीही माझी निवड झाली. पुढे पुष्कळ वर्षांनी मी धीर करून कारण विचारलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "जागा दोन होत्या, आणि आलेलेही दोघंच."

अशा या आमच्या बाईंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या विद्यार्थ्याच्या नात्याने लिहायला सांगितलं तेव्हा मी एक अट घातली. बाईंच्या संशोधनाची यादी, त्यांची पदं, परदेशातली व्याख्यानं यांवर इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला एक दुरुस्ती करू द्या. बाईंच्या नावावर एक चूक गेली पंचवीस वर्षं लागलेली आहे, ती त्यांची नाही. ती कुणाची आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती माझी आहे.

ही निकड आताच का वाटावी, तेही सांगतो. गेल्या हिवाळ्यात इथे चंदीगडलाच एका सभागृहात एका तरुण प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. विषय होता संशोधनातला निष्काळजीपणा. भाषण रंगलं होतं. बोलता बोलता त्यांनी पडद्यावर एक जुना, मागे घेतलेला निबंध दाखवला आणि म्हणाले, "ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं आपल्या प्रयोगशाळेकडे लक्ष नसलं की काय होतं, बघा." तो निबंध बाईंचा होता. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वक्त्यांना ते माहीत नसावं. बाईंनी मान डोलावली आणि छोट्या वहीत काहीतरी टिपूनही घेतलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून बोलायला हवं होतं, पण उठलो नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझा मलाच इतका राग आला होता की बायकोने विचारलं, कुणाशी भांडून आलात?

पण आधी बाईंचं काम काय, ते सांगायला हवं. आपण गोळी घेतो आणि डोकं दुखायचं थांबलं की तिला विसरून जातो. शरीर मात्र विसरत नाही. शरीराच्या लेखी गोळी हा परका पाहुणा. यकृत त्याचं स्वागत करतं, त्याला हाताळतं आणि यथावकाश निरोप देतं. हे काम करणारी विकरं किती तयार करायची, हे जनुकं ठरवतात. गंमत अशी की काही औषधं त्या जनुकांनाच जागं करतात. घरात एखादा असा पाहुणा येतो की त्याच्यासाठी सगळं घर कंबर कसून कामाला लागतं, आणि त्या धांदलीत मागून आलेल्या बिचाऱ्या दुसऱ्या पाहुण्याची बसायच्या आतच बोळवण होते. तसंच एका औषधामुळे दुसरं औषध अंगी लागण्याआधीच शरीराबाहेर जातं. कुठली औषधं कुठल्या जनुकाला जागं करतात, ते किती दिवस जागं राहतं आणि कशाने पुन्हा निजतं, हे शोधण्यात बाईंनी उभी हयात घातली.

आणि ते त्यांनी केवळ उंदरांसाठी केलं नाही. मला एक रुग्ण आठवते, बसच्या वाहकाची बायको. तिचं मूत्रपिंड बदललं होतं आणि नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून लागणारं औषध रक्तात पुरेसं सापडत नव्हतं. वॉर्डातल्या मंडळींची खात्री होती की ती गोळ्या चुकवते आणि वर खोटं बोलते. तिचा नवराही तिच्यावर चिडला होता. त्या वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी सहज म्हणून बाईंना विचारलं. बाई डॉक्टर त्या अर्थाने नाहीत, पण त्या तडक वॉर्डात गेल्या, खाटेवर तिच्याशेजारी बसल्या आणि तिच्या पिशवीतली एकेक पुडी बाहेर काढायला लावली. त्यात गावच्या दवाखान्यातून मिळालेल्या क्षयाच्या गोळ्या निघाल्या. त्या घेते हे तिने सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. क्षयाच्या त्या औषधाने यकृताला असं काही जागं केलं होतं की दुसरं औषध टिकतच नव्हतं. बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "भाई साहब, इनकी कोई ग़लती नहीं है। माफ़ी माँगिए।" आणि सहा फुटांच्या त्या गड्याने भर वॉर्डात बायकोची माफी मागितली. मी बाईंची पिशवी धरून मागे उभा होतो, आणि मला माझ्या कामाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

बाई मूळच्या अकोटकडच्या. प्रयोगशाळेत त्या स्वच्छ, पुस्तकी मराठी किंवा हिंदी बोलत. फार राग आला किंवा फार माया आली की वऱ्हाडी. त्यामुळे "काय करून राह्यला रे बाप्पा?" असं कानावर आलं की यातलं नेमकं काय आहे हे ओळखायला आम्हाला दोन क्षण लागत. आम्ही मराठी मुलं त्यांना बाई म्हणायचो, म्हणून पंजाबी मुलंही म्हणू लागली. पंजाबातल्या त्यांच्या माळव्याकडे 'बाई जी' म्हणजे थोरला भाऊ, हे आम्हाला उशिरा कळलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, चालेल.

दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे 'मोडणी' असायची. हे नाव बाईंचंच. ज्याच्या प्रयोगाचं काही चांगलं निष्पन्न झालं असेल त्याने ते फळ्यावर मांडायचं आणि बाकीच्यांनी ते मोडायचं. ज्याला खरी खोट सापडेल त्याला पुढच्या शुक्रवारी बाईंच्या हातच्या झणझणीत पातोड्यांचा डबा. मांडणाऱ्याला काही नाही. जगात इतरत्र शोध लावणाऱ्याला बक्षीस मिळतं. आमच्याकडे तो हाणून पाडणाऱ्याला मिळायचं. लुधियान्याची नि भटिंड्याची मुलं पातोडीच्या रश्श्यासाठी एकमेकांच्या निष्कर्षांवर तुटून पडत. सुरुवातीला मला हा प्रकार क्रूर वाटला. मग सवय झाली, आणि मग गर्वही झाला, कारण तिसऱ्या वर्षी माझा निष्कर्ष चार शुक्रवार फळ्यावर राहिला आणि कुणालाही मोडता आला नाही.

माझं म्हणणं असं होतं की एक नेहमीचं वेदनाशामक औषध यकृतातल्या एका विशिष्ट जनुकाला जागं करतं. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. औषध दिलेल्या उंदरांत जनुक टक्क जागं. न दिलेल्यांत गाढ झोपेत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. निबंध परदेशातल्या नामांकित नियतकालिकात आला. बाईंना निमंत्रणं येऊ लागली. एका मोठ्या राष्ट्रीय सन्मानासाठी त्यांचं नाव पुढे गेलं. मला पुण्याच्या एका संस्थेतून नेमणुकीचं पत्र आलं. पदवी हातात पडली की रुजू व्हायचं. आईने कऱ्हाडात आळीभर पेढे वाटले.

आता भुशाकडे येतो. उंदरांच्या पिंजऱ्यात अंथरूण म्हणून आम्ही भाताचं तूस घालायचो. प्रयोग सुरू झाला त्या हिवाळ्यात तूस वेळेवर आलं नाही. चंदीगडची थंडी काय असते ते कऱ्हाडच्या माणसाने काय सांगावं! मला माझ्या उंदरांची काळजी वाटली. चंदीगडला लागूनच्या मनीमाजऱ्यात एका लाकडाच्या वखारीत रंधा मारताना निघणारा कुरळा भुसा ढिगाने पडलेला मी पाहिला होता. तिथून दोन पोती भरून आणली. भुसा देवदाराचा होता. प्राणीगृह सांभाळणारे करनैल सिंगजी पोतं उघडून म्हणाले, "वाह जी, मंदिर वाली ख़ुशबू।" औषध दिलेले उंदीर एका खोलीत होते आणि न दिलेले शेजारच्या खोलीत. भुसा दोन्हीकडे पुरण्यासारखा नव्हता. माझा जीव अर्थातच औषधवाल्यांवर, कारण पदवी तेच देणार होते. त्यांना मी देवदाराची गादी घातली. शेजारच्यांना उरलंसुरलं तूस. पुढे नवं तूस आलं तरी मी बदल केला नाही, कारण माझे उंदीर त्या वासात कसे खुशीत दिसत होते. दुसऱ्यांदा प्रयोग केला तेव्हाही गादी तीच. वहीत लिहिलं नाही. अंथरूण ही काय लिहायची गोष्ट आहे?

दीड वर्षाने गुरलीन कौर नावाची मुलगी आमच्याकडे आली. माझंच काम पुढे न्यायचं म्हणून तिला आधी माझा प्रयोग पुन्हा करायला दिला. तिला जनुक जागं दिसेना. एकदा नाही, तीनदा. मोडणीत ती फळ्यासमोर उभी राही आणि मी, आता जवळजवळ डॉक्टर झालेला ज्येष्ठ विद्यार्थी, सगळ्यांदेखत म्हणे, "हाथ अभी बैठा नहीं है इसका।" माझ्याकडून हे दोन शुक्रवार झालं. तिसऱ्या शुक्रवारी ती नुसती फळा पुसून बसली. ती नोकरी शोधते आहे असं कुजबुजीतून कळलं, आणि मला लाज वाटावी अशी गोष्ट ही की मला बरं वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी बाईंनी सकाळीच सगळ्यांना बोलावलं. "आजपासून गुरलीन बरोबर आहे असं धरायचं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आपण चुकलोय. कुठे, ते शोधायचं." मग त्यांनी हातातल्या कागदावरून एकेक गोष्ट वाचून दाखवली. औषधाची बाटली. पाणी. खाद्य. खोल्यांचं तापमान. उंदीर कुठून आले. सगळ्यात शेवटी, अंथरूण.

तो एक शब्द पुरला. मनीमाजऱ्याची वखार, पोती, तो वास, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि मी गप्प बसलो.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. मी मनाशी हजार सबबी रचल्या. भुशाने काय होणार? इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय? पुण्याला रुजू झाल्यावर सांगू. आईला काय सांगू? समोर गुरलीन बाटल्या तपासत होती, पाणी तपासत होती, सापडणार नाही तिथे शोधत होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मी तिला चहा आणून दिला आणि बाकी काही केलं नाही. ते तीन दिवस मी आजही कुणाला आनंदाने सांगू शकत नाही.

गुरुवारी दुपारी मी बाईंच्या खोलीत गेलो. त्या डबा उघडून जेवायला बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या दिवसापर्यंत हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. करनैल सिंगजींनाही इतक्या काळाने त्या पोत्यांची आठवण असण्याचं कारण नव्हतं. बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कुठल्या खोलीत? किती आठवडे? दुसऱ्या वेळीही? का केलं, इतके दिवस का बोलला नाहीस, यातलं काहीच विचारलं नाही. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"जेवला का तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बस मग. आधी जेवून घे. असं उपाशी उभं राहून काही सुधारत नसते."

मी त्यांच्या डब्यातली पोळी खाल्ली आणि रडलो. दोन्ही एकाच वेळी करणं अवघड असतं.

दुसऱ्या दिवशी मोडणीत बाईंनी मला फळ्यावर उभं केलं नाही. मीच उठलो. गुरलीनसमोर म्हणालो की हात तिचा नाही, माझा बसलेला नव्हता. बाईंनी डबा पुढच्या शुक्रवारची वाट न बघता त्याच दिवशी आणला होता. तो त्यांनी गुरलीनला दिला. तिने झाकण उघडलं, रश्श्यात एक पातोडी बुडवली, खाल्ली, आणि डबा माझ्याकडे सरकवला. "लो सर जी। आधा तो आपने ही तोड़ा है।" गुरलीन आज डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. तिच्या सहीशिवाय तिथून गोळी बाहेर पडत नाही. मी ती गोळी डोळे मिटून घेईन.

करनैल सिंगजी त्याच वखारीतून पुन्हा भुसा घेऊन आले. औषध अजिबात न देता उंदरांना देवदारावर ठेवलं. तीन आठवड्यांत जनुक टक्क जागं. म्हणजे जे केलं ते सगळं त्या सुवासाने. वेदनाशामक बिचारं निर्दोष होतं. बाईंनी ग्रंथालयात दोन दिवस घालवले आणि एक जुना, पिवळा पडलेला निबंध घेऊन आल्या. सुवासिक लाकडाच्या भुशाने उंदरांचं यकृत जागं होतं, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं आणि त्यांनी छापूनही ठेवलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं. त्याची बाईंना भुशापेक्षा जास्त लाज वाटली.

मग निबंध मागे घेण्याचं पत्र. विभागातले एक वडीलधारे सहकारी बाईंच्या खोलीत येऊन बसले. मी तिथेच होतो. ते मनापासून बाईंचं भलं बघत होते, हे आधी सांगतो. "मॅडम जी, पहले सम्मान का फ़ैसला हो जाने दीजिए। दो महीने की बात है। किसको पता चलेगा?" बाईंनी पत्रावरून मान वर केली. "चूहों को पता है, सर।" आणि पत्र त्याच दिवशी गेलं. सन्मान त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळाला, आणि बाईंचं नाव पुन्हा कधी पुढे गेलं नाही.

त्या पत्रात काय होतं ते मी छापून आल्यावर वाचलं. 'माझ्या प्रयोगशाळेत प्राण्यांचं अंथरूण बदललं गेलं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. जबाबदारी माझी आहे.' माझं नाव कुठेही नव्हतं. मी म्हणालो, बाई, हे खरं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या लक्षात आलं होतं का? नाही. मग खरं आहे." तेव्हापासून परिषदांमध्ये लोक त्यांना 'देवदारवाल्या मॅडम' म्हणू लागले, कुणी कौतुकाने, कुणी तसं नाही. मी तोंड उघडायला गेलो की त्या मला डोळ्यांनी बसवत. पुढे मी मोठा झालो, प्राध्यापक झालो, आणि मग गप्प राहणं माझ्याही सोयीचं झालं. हे मी टाळून लिहिलं तर या लेखाला काही अर्थ नाही.

बाईंनी दुसरंही एक पत्र लिहिलं होतं, पुण्याला. निबंध मागे घेतला जात आहे हे त्यात स्पष्ट कळवलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की या विद्यार्थ्याने आपली चूक कुणी न विचारता स्वतः येऊन सांगितली. 'मला जागा भरायची असती तर मी यालाच घेतलं असतं,' असा त्या पत्राचा शेवट होता. पुण्याने घेतलं नाही. दोन वर्षांनी इथे जागा निघाली तेव्हा बाईंनी घेतलं. पदवीसाठी मी सगळे प्रयोग पहिल्यापासून केले, दीड वर्ष, दोन्ही खोल्यांत एकाच पोत्यातलं तूस घालून. आमच्या पुढच्या कामाची दिशाही तिथूनच सापडली. भुसा काढून घेतल्यावर ते जनुक किती दिवसांनी पुन्हा निजतं, आणि त्याला निजवतं कोण, हा प्रश्न बाईंनी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिला. त्यावर त्यांच्या सात-आठ विद्यार्थ्यांनी आपापल्या पदव्या मिळवल्या. आज देशात कुठेही प्राणीगृहातल्या अंथरुणाची नोंद करणारा माणूस भेटला की मी विचारतो, तुम्ही अंभोरे बाईंच्या हाताखालचे का? पुष्कळदा उत्तर हो येतं, आणि माझी छाती उगाचच फुगते.

मी चंदीगडचाच झालो. माझी मुलं मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देतात. बाईंसमोर मात्र आपसूक मराठी बोलतात, कारण बाई हिंदी कळत नसल्यासारखा चेहरा करतात.

हा लेख लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी मी तो बाईंकडे घेऊन गेलो. त्या नको म्हणणार, याची खात्री होती. वाद घालायची तयारी करूनच गेलो होतो. बाई अंगणात उन्हात बसून गाजरं किसत होत्या. किसणी बाजूला ठेवली, हात पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. हातात पेन्सिल होतीच. मीठ तोलण्याच्या गोष्टीला हसल्या. सभागृहातल्या प्रसंगाशी थांबून म्हणाल्या, "तो पोरगा चांगलं बोलला होता." मग पुढची पानं एकेक ओळ करत वाचली. शेवटी एका ओळीखाली रेघ ओढून कागद माझ्यापुढे धरला.

"हे चूक आहे."

मी पाहिलं. 'त्या दिवसापर्यंत हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.'

"म्हणजे?"

"मले माहीत होतं," बाई म्हणाल्या. "शनिवारीच. प्राणीगृहाच्या फाटकावरची जुनी वही काढून पाह्यली मी. करनैल सिंगनं तुह्या नावासकट लिहून ठेवलं होतं, 'दिगंबर, लकड़ी का बूरा'. अंथरूण यादीत शेवटी कायले ठेवलं होतं मग?"

"मग मला सरळ विचारलं का नाही, बाई?"

"विचारलं असतं तर तू सांगितलंच असतं. मग पुण्याला काय लिहिलं असतं मी?" त्यांनी किसणी पुन्हा हातात घेतली. "चार दिवस घास गोड नाही लागला रे बाप्पा. गुरुवारी तू दारात दिसला तेव्हा पह्यल्यांदा भूक लागली."

"आणि मी आलोच नसतो तर?"

बाई गाजर किसत राहिल्या. मग म्हणाल्या, "छापायचं तर छाप. पण ती ओळ नीट कर."

प्रयोगवहीतली चुकलेली ओळ कधी गिरगटायची नाही, ती वाचता येईल अशी राहू द्यायची आणि खाली दुरुस्ती लिहायची, असं त्यांनी आम्हाला शिकवलं आहे. म्हणून ती ओळ मी तशीच ठेवली आहे, आणि दुरुस्ती इथे करतो. पोती मी आणली होती. अंथरूण मी बदललं होतं. बाईंना ते शनिवारी कळलं होतं. त्या गुरुवारी मी फार मोठं धाडस केलं, असं मी पंचवीस वर्षं समजत आलो. त्या मात्र सोमवारपासून जेवणावर मन नसताना माझी वाट बघत होत्या.

बाईंना भरपूर आयुष्य मिळो. ते हिंडतं-फिरतं असो, दुखण्याखुपण्यावाचून जावो, आणि त्यांच्या हातातली पेन्सिल आमच्या कागदांवर अशीच फिरत राहो. आम्ही सगळे आता पिकल्या केसांचे झालो आहोत, तरी त्यांच्या दारात जाऊन सांगावं असं प्रत्येकाजवळ अजून काही ना काही आहे. त्यांना बहुधा ते आधीच माहीत असेल. आम्ही येईपर्यंत त्या वाट बघतील.